कण, ढीग आणि धग : कोळशाच्या मंद ऑक्सिडीभवनात कणाच्या आकारमानाचे स्थान



क्षिप्रेच्या तीरी, रामघाटाच्या परिसरात भरलेल्या सभेत दगडी कोळशासारख्या काळ्या आणि रुक्ष वस्तूवर व्याख्यान व्हावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु अग्नीचा विषय या नगरीला परका नाही. १९९२, २००४ आणि २०१६ च्या सिंहस्थांत या घाटाच्या आसपास पेटलेल्या साधूंच्या धुन्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. रात्री राखेने झाकलेली धुनी पहाटे फुंकर घालताच पुन्हा फुलते. आपल्या घरांतून चुली होत्या तोवर आपल्या आज्याही विस्तव असाच राखेखाली पुरून ठेवीत. राख येथे दोन कामे करते. ती निखाऱ्याला मिळणारी हवा कमी करते आणि निखाऱ्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. राख मुळीच नसेल तर निखारा भराभर जळून संपतो. ती फार दाबून बसवली तर तो गुदमरून विझतो. या दोहोंच्या मध्ये अशी एक अवस्था आहे, की जीत अग्नी दिसत नाही, पण मरतही नाही. कोळशाच्या ढिगात आग कोणी न लावता कशी लागते, हे समजून घ्यावयाचे तर याच मधल्या अवस्थेचे शास्त्र पाहावे लागते. त्या शास्त्रात कोळशाच्या कणाचे आकारमान ही सर्वांत महत्त्वाची राशींपैकी एक आहे.

कोळसा जितका बारीक तितका तो लवकर तापतो, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान चुकीचे नाही, पण अपुरे आहे. एका कणाविषयी ते बरेचसे खरे आहे. ढिगाविषयी मात्र ते अर्धेच खरे आहे. हा फरक उलगडून दाखविणे एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

आपल्या जवळचा कोळसा

उज्जैनच्या कापड-गिरण्यांची धुराडी आता थंडावली आहेत आणि कोळशाची आगगाडीची इंजिनेही इतिहासजमा झाली आहेत. त्यामुळे कोळसा आपल्या नजरेआड झाला असला, तरी आपल्या घरातील विजेचा मोठा वाटा अजूनही त्याच्यापासूनच येतो. आपल्या प्रांताच्या दक्षिण सीमेवर बैतूल जिल्ह्यात पाथाखेड्याच्या खाणी आहेत. त्यांच्या आधाराने सारणीचे सातपुडा औष्णिक विद्युत केंद्र १९६७ च्या सुमारास सुरू झाले. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात पेंच आणि कन्हानची कोळसाक्षेत्रे आहेत. सीमा ओलांडली की नागपूरजवळचे कामठी, उमरेड आणि त्याखाली चंद्रपूर-यवतमाळचे वर्धा खोरे लागते. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे आणि वर उल्लेखिलेली कोळसाक्षेत्रे तिच्याच कारभारात येतात. म्हणजे मराठी बोलणाऱ्या मुलखाचा कोळसा हा दोन राज्यांत पसरलेला एकच संसार आहे.

आनंदवनामुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित झालेले वरोरा हे या खोऱ्यातील खाणकामाचे आरंभीचे ठिकाण होय. भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्राचा वृत्तान्त १८७७ साली प्रसिद्ध केला. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालली. पुढे कामाचा भर बल्लारपूरकडे गेला. या खोऱ्यातील कोळशात अंगभूत ओलावा बराच असतो आणि बाष्पनशील द्रव्यांचे प्रमाणही मोठे असते. असा कोळसा हवेतील ऑक्सिजनशी सहज संयोग पावतो. चंद्रपूर भागातील कोळशाच्या साठ्यांतून उन्हाळ्यात धूर निघू लागल्याच्या बातम्या वेळोवेळी येतात, त्या यामुळेच.

ज्वालेविना चालणारे ज्वलन

कोळसा खाणीतून बाहेर पडून हवेला उघडा झाला, की त्याच क्षणापासून त्याचे ऑक्सिडीभवन सुरू होते. त्यासाठी ठिणगीची गरज नसते. साधारणपणे शंभर अंश सेल्सिअसच्या खाली चालणाऱ्या या क्रियेस मंद किंवा अल्पतापमानी ऑक्सिडीभवन म्हणतात. प्रथम ऑक्सिजनचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागावर चिकटतात. यास अधिशोषण म्हणतात. त्यांतील काही रेणू रासायनिक बंधांनी कोळशाशी जोडले जातात आणि पेरॉक्साइडासारखी अस्थिर संयुगे तयार होतात. तापमान वाढू लागले की ही संयुगे मोडतात आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड व पाण्याची वाफ बाहेर पडते. या सर्व क्रियेत उष्णता निर्माण होते.

ही उष्णता किती, याचा अंदाज घेऊ. ऑक्सिजनच्या एका मोलामागे सामान्यतः ३०० ते ४०० किलोजूल उष्णता निघते. म्हणजे एक लिटर ऑक्सिजन कोळशाने शोषला, तर सुमारे १४ किलोजूल किंवा त्याहून थोडी अधिक. एक किलोग्रॅम कोळसा एक अंशाने तापविण्यास जवळजवळ १.२ किलोजूल लागतात. याचा अर्थ असा, की एक किलोग्रॅम कोळशाने पाच लिटर हवेतील ऑक्सिजन शोषला आणि उष्णता मुळीच बाहेर गेली नाही, तर तो कोळसा दहा-बारा अंशांनी तापेल. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढले, की या क्रियेची गती ढोबळमानाने दुप्पट होते. तापल्यामुळे गती वाढते आणि गती वाढल्यामुळे कोळसा अधिक तापतो. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांपर्यंत जातो. २७ अंशांवर सुरू होणाऱ्या क्रियेच्या चौपट वेगाने तेथील क्रिया सुरू होते, हे लक्षात ठेवावे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक विद्वान या तापण्याचे कारण कोळशातील लोह-गंधकाच्या खनिजात, म्हणजे पायराइटात शोधीत. १८७० च्या सुमारास रिक्टर्स या जर्मन संशोधकाच्या प्रयोगांनी कोळसा स्वतःच ऑक्सिजन शोषतो, या विचारास बळ दिले. पायराइटाची कामगिरी आता दुय्यम मानली जाते. तथापि ओलसर हवेत ते फुगते आणि कोळशाला तडे पाडते. म्हणजे तेही अखेर कोळसा बारीक करण्याचेच काम करते.

बाहेरचा पृष्ठभाग

दहा सेंटिमीटर बाजूचा कोळशाचा एक घन घ्या. त्याचे वजन सुमारे १.३ किलोग्रॅम भरेल आणि त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर होईल. त्याचे एक सेंटिमीटर बाजूचे तुकडे केले, तर तुकडे १,००० आणि एकूण क्षेत्रफळ ६,००० चौरस सेंटिमीटर. एक मिलिमीटरचे केले, तर तुकडे दहा लाख आणि क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. आणखी बारीक, म्हणजे एक दशांश मिलिमीटरचे केले, तर तुकडे १०० कोटी आणि क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. वजन तेच, द्रव्य तेच. पण हवेला भेटणारा पृष्ठभाग हजारपट वाढला. बाजू जितक्या पटींनी लहान, तितक्या पटींनी क्षेत्रफळ मोठे, असा हा साधा नियम आहे.

यावरून कोणीही म्हणेल, की ऑक्सिडीभवनाची गतीही हजारपट वाढली पाहिजे. प्रत्यक्ष मापनांत मात्र तसे आढळत नाही. कण बारीक केल्याने गती वाढते, पण क्षेत्रफळाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून बरीच कमी. आणि एका मर्यादेनंतर कण कितीही बारीक केला, तरी गतीत फारसा फरक पडत नाही. १९६० च्या दशकात कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांपासून पुढे अनेकांनी या मर्यादेचा अभ्यास केला. असे का व्हावे?

आतला पृष्ठभाग

याचे उत्तर कोळशाच्या अंतरंगात आहे. कोळसा दिसतो तसा भरीव नसतो. तो सूक्ष्म छिद्रांनी भरलेला असतो. एका ग्रॅम कोळशातील सर्व छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर अनेक कोळशांच्या बाबतीत शंभर चौरस मीटर किंवा त्याहूनही अधिक क्षेत्रफळ भरते. आपल्या १.३ किलोग्रॅमच्या घनात या हिशेबाने १,३०,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे तेरा हेक्टर पृष्ठभाग दडलेला आहे. त्याच्या तुलनेत भुकटीचे बाहेरचे ६० चौरस मीटर म्हणजे काहीच नव्हे. रासायनिक क्रिया होते ती प्रामुख्याने या आतल्या पृष्ठभागावर.

मग कणाच्या आकारमानाला महत्त्व का? कारण आतला पृष्ठभाग असणे वेगळे आणि तेथे ऑक्सिजन पोहोचणे वेगळे. दाट वस्तीच्या, अरुंद गल्ल्यांच्या एका मोठ्या गावाची कल्पना करा. वेशीवरून धान्याच्या गाड्या आत येत आहेत. वेशीजवळची घरे आपापले धान्य उतरवून घेतात, पुढच्या गल्लीत थोडे पोहोचते आणि गावाच्या मध्यभागी असलेल्या आळीला काहीच मिळत नाही. आळीत भूक नाही असे नव्हे. धान्यच तिथवर जात नाही. कोळशाच्या मोठ्या खड्याचेही तसेच आहे. ऑक्सिजन छिद्रांतून आत झिरपतो. या क्रियेस विसरण म्हणतात. झिरपता झिरपता तो वाटेतच शोषला जातो. परिणामी खड्याचे बाहेरचे एक पातळ कवच तेवढे ऑक्सिडीभवनात भाग घेते. गाभा जवळजवळ अस्पर्शित राहतो. पण त्याच गावाची लहान लहान वाड्यांत विभागणी केली, तर प्रत्येक घर वेशीजवळ येते. कण बारीक करणे म्हणजे नवी घरे बांधणे नव्हे; असलेली घरे वेशीजवळ आणणे होय.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, एखाद्या कोळशात ऑक्सिजन ०.२ मिलिमीटर खोलीपर्यंतच परिणामकारकपणे पोहोचतो. (हा आकडा केवळ उदाहरणापुरता आहे; कोळशाच्या जातीनुसार तो बदलतो.) दहा सेंटिमीटरच्या घनात या कवचाचा वाटा एकूण द्रव्याच्या केवळ सव्वा टक्का भरतो. एक सेंटिमीटरच्या तुकड्यात तो साडेअकरा टक्के, एक मिलिमीटरच्या कणात ७८ टक्के आणि एक दशांश मिलिमीटरच्या कणात संपूर्ण शंभर टक्के. आकार प्रत्येक पायरीवर दहापटीने घटला, पण क्रियेत भाग घेणारे द्रव्य पहिल्या पायरीवर सुमारे दहापट, दुसऱ्या पायरीवर सातपट आणि तिसऱ्या पायरीवर जेमतेम सव्वापट वाढले. कणाच्या सर्व भागांत ऑक्सिजन पोहोचला, की त्यापुढे बारीक करून लाभ अथवा हानी काही उरत नाही. उत्प्रेरकांच्या कणांविषयी हाच विचार अर्नेस्ट थीले यांनी १९३९ साली गणिती स्वरूपात मांडला आणि पुढे तो कोळशालाही लागू पडला.

यात तीन गोष्टींची भर घातली पाहिजे. एक, नैसर्गिक खडा अखंड नसतो; त्यात भेगा असतात आणि भेगांतून हवा आत शिरते. म्हणून मोठा खडा हिशेबापेक्षा काहीसा अधिक क्रियाशील असतो आणि खडा व चुरा यांतील अंतर प्रत्यक्षात कमी भरते. दोन, तापमान वाढले की क्रिया वेगाने होते, ऑक्सिजन अधिक लवकर संपतो आणि कवच आणखी पातळ होते. म्हणून आकारमानाचा प्रभाव तापमानागणिक वाढत जातो. तीन, नुकताच फुटलेला पृष्ठभाग सर्वांत अधिक ऑक्सिजन शोषतो; काळ जाईल तशी त्याची भूक मंदावते. कोळसा फुटतो तेव्हा कण बारीक होतो, आणि शिवाय तो नव्याने ताजाही होतो.

कणापासून ढिगाकडे

येथवर विचार एका कणाचा झाला. पण व्यवहारात आपल्याला कण भेटत नाही, ढीग भेटतो. ढिगाच्या बाबतीत आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात : आत हवा किती येते आणि आतली उष्णता बाहेर किती जाते?

प्रथम हवेचा प्रश्न पाहू. सैल ढिगात एक किलोग्रॅम कोळशाच्या वाट्याला कणांमधील मोकळ्या जागेत सुमारे अर्धा लिटर हवा येते. या हवेतील सर्व ऑक्सिजन शोषला गेला, तरी कोळसा एखाद्याच अंशाने तापेल आणि क्रिया थांबेल. म्हणजे कोंडलेल्या हवेने ढीग पेटत नाही. त्याला हवेचा सतत, मंद पुरवठा लागतो. हा पुरवठा ढिगाच्या पार्यतेवर, म्हणजे हवेला वाट देण्याच्या गुणावर अवलंबून असतो. ही पार्यता साधारणपणे कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शंभर मिलिमीटरच्या खड्यांच्या ढिगातून हवा जितक्या सहज जाते, तिच्या दहा हजारांश सहजतेनेच ती एक मिलिमीटरच्या चुऱ्यातून जाऊ शकते. जो चुरा कण म्हणून अधिक क्रियाशील, तोच ढीग म्हणून हवेचे दार लावून घेतो.

आता उष्णतेचा प्रश्न. समजा, एक किलोग्रॅम कोळशाजवळून एक हजार लिटर हवा वाहून गेली, त्यातला एकच लिटर ऑक्सिजन शोषला गेला आणि जाताना हवा वीस अंशांनी तापली. या हवेने सुमारे २४ किलोजूल उष्णता नेली, तर निर्माण झाली होती केवळ १४ किलोजूल. अशा ठिकाणी कोळसा तापूच शकत नाही. मोठ्या, एकसारख्या खड्यांच्या ढिगात हेच घडते. तेथे हवा मुबलक, पण क्रिया थोडी आणि वारा उष्णता घेऊन जाणारा.

म्हणजे निव्वळ मोठे खडे बऱ्याच अंशी सुरक्षित आणि नीट दाबून बसवलेला निव्वळ चुराही बऱ्याच अंशी सुरक्षित. संकट असते ते दोहोंच्या सैल मिश्रणात. पट्ट्यावरून कोळसा उंचावरून ओतला जातो तेव्हा मोठे खडे घरंगळत पायथ्याशी जातात आणि चुरा मध्यावर राहतो. पायथ्याचे खडे हवेसाठी दारे उघडी ठेवतात. त्या दारांतून शिरलेली हवा आतल्या चुऱ्याला मिळते. आणि चुरा तिचा ऑक्सिजन अधाशीपणे शोषतो. तेथे हवेचा वेग इतका थोडा असतो, की उष्णता वाहून नेली जात नाही. कोळसा स्वतः उष्णतेचा मंदवाहक असल्याने ती कोळशातूनही बाहेर पडत नाही. पुढे तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि पायथ्याकडून नवी हवा ओढून घेते. ढीग स्वतःच धुराडे बनतो. म्हणून बहुतेक वेळा आग ढिगाच्या अगदी पृष्ठावर किंवा खोल गाभ्यात लागत नाही. वाऱ्याकडील उतारावर, पृष्ठापासून एक-दोन मीटर आत ती धुमसू लागते.

ढिगाचा आकारही येथे महत्त्वाचा ठरतो. उष्णता निर्माण होते ती साऱ्या घनफळात आणि बाहेर जाते ती पृष्ठावरून. म्हणून ढीग जितका मोठा तितकी ती आत अधिक साठते. कोळसा नेणाऱ्या जहाजांना लागणाऱ्या आगींची चौकशी करणाऱ्या ब्रिटनमधील शाही आयोगाला १८७६ साली हेच आढळले. माल जितका अधिक आणि प्रवास जितका लांबचा, तितक्या आगी अधिक. वरच्या दारातून कोळसा ओतताना त्याखाली साचणारा चुरा हे तेव्हापासून काळजीचे ठिकाण मानले गेले. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या एका कोळसा-कोठीतही प्रवासाच्या आरंभापासून अशीच आग धुमसत होती. ती विझविण्यासाठी खलाशांना कोठीतला कोळसा उपसावा लागला.

वर्धा खोऱ्याचा अनुभव

ही सर्व सूत्रे वर्धा खोऱ्यात एकत्र येतात. येथील मुख्य थर काही ठिकाणी पंधरा-वीस मीटर जाड आहे. भूमिगत खाणीत एवढा जाड थर संपूर्ण काढता येत नाही. छतात, खांबांत आणि काढून झालेल्या पोकळीत (हिला खाणकामगार गोफ म्हणतात) कोळसा शिल्लक राहतो. वरच्या खडकाच्या भाराने हे खांब चिरडले जातात आणि त्यांचा चुरा होतो. भेगांतून थोडी थोडी हवा झिरपत राहिली, की गोफ म्हणजे जमिनीखालचा एक सैल ढीगच होतो. झरिया कोळसाक्षेत्रातील पहिली नोंदलेली आग १९१६ साली लागली, आणि तेथील आगींनी एका शतकाहून अधिक काळ वस्त्यांना आणि कामगारांना छळले आहे. खाणीत अशा आगीपेक्षाही घातक असतो तो तिच्यापासून निघणारा, रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड. म्हणून कणाच्या आकारमानाची चर्चा ही केवळ प्रयोगशाळेतील हौस नव्हे. तिच्या टोकाला माणसांचे प्राण आहेत.

उघड्या खाणींतील कोळशाची कथा थोडी निराळी आहे. सुरुंग, यांत्रिक फावडे, डंपर, चुरणी, वाघीण आणि पुन्हा ढीग, अशा प्रवासात तो प्रत्येक टप्प्यावर फुटतो. व्यापारात मोठ्या खड्यांना स्टीम, चुऱ्याला स्लॅक आणि खाणीतून जसा येईल तशा मिश्र मालाला रन ऑफ माइन म्हणतात. यांतील मिश्र माल, आपण पाहिले त्या कारणाने, साठवणुकीस सर्वांत अवघड. शिवाय अंगभूत ओलावा असणारा कोळसा वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात वाळतो, आक्रसतो आणि तडकतो. म्हणजे कणाचे आकारमान ही कायम राहणारी राशी नव्हे. ढीग उभा असतानाच कोळसा बारीक होत असतो. त्यावर मृगाची पहिली हलकी सर आली, तर वाळलेल्या कोळशाने पाणी शोषताना थोडी उष्णता आणखी निघते. भरपूर पाऊस ढीग थंड करतो. अर्धवट पाऊस कधी कधी त्याला तापवितो.

याच कोळशावर चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र चालते. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे. गंमत अशी, की येथे कोळसा मुद्दाम पिठासारखा दळला जातो. सामान्यतः त्याचा सुमारे ७० टक्के भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका तो बारीक असतो. बॉयलरमध्ये सर्वत्र ऑक्सिजन पोहोचावा, एकही कण अर्धवट जळू नये, हाच तेथील हेतू. ढिगात जो गुण शत्रू, तोच भट्टीत मित्र. मात्र हीच भुकटी चक्कीच्या एखाद्या कोपऱ्यात साचून राहिली, की उबदार हवेत ती धुमसू लागते. म्हणून चक्की बंद करताना ती रिकामी करण्याची दक्षता घ्यावी लागते.

चाळणीचे महत्त्व

एखाद्या खाणीचा कोळसा किती लवकर तापणारा आहे, हे ठरविण्यासाठी भारतात छेद-तापमान मोजण्याची पद्धत रूढ आहे. कोळशाचा नमुना एका भट्टीत ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश तापवितात. आरंभी कोळसा भट्टीपेक्षा थंड असतो. पुढे स्वतःच्या उष्णतेने तो तिला गाठतो आणि मागे टाकतो. दोन्ही तापमाने जेथे छेदतात ते छेद-तापमान. ते १२० ते १४० अंश असेल तर कोळसा फार संवेदनक्षम, १४० ते १६० असेल तर मध्यम आणि १६० च्या वर असेल तर कमी संवेदनक्षम मानतात. धनबादच्या केंद्रीय खनन संशोधन केंद्रात १९५६ पासून या विषयावर दीर्घकाळ काम झाले, तेथील एस. सी. बॅनर्जी यांचा १९८५ चा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाती असतो.

या चाचणीतील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. नमुना नेहमी ठरावीक चाळणीने, सुमारे ०.२ मिलिमीटरपर्यंत, बारीक केलेला असतो. आकारमान बदलले तर छेद-तापमान बदलते आणि दोन खाणींची तुलना निरर्थक होते. आकारमान कायम ठेवले, की उरतो तो कोळशाचा स्वभाव. परंतु याचाच दुसरा अर्थ असा, की चाचणी कोळशाचा स्वभाव सांगते, त्याच्या ढिगाचे भविष्य सांगत नाही. सारख्याच छेद-तापमानाचे दोन कोळसे वेगवेगळ्या रीतीने फुटले आणि वेगवेगळ्या रीतीने रचले, तर एक वर्षभर शांत राहील आणि दुसरा काही आठवड्यांत धुमसू लागेल. स्वभाव खाणीकडून मिळतो. ढीग मात्र माणूस रचतो.

उपाय

म्हणूनच ढीग राखण्याचे बहुतेक नियम या एका समतोलातून निघतात. कोळसा थराथराने पसरावा आणि प्रत्येक थर रोलरने किंवा डोझरने दाबावा, म्हणजे हवेची वाट बंद होते. उतार सौम्य ठेवावेत, म्हणजे खडे घरंगळून पायथ्याशी जमा होत नाहीत. उंचावरून ओतणे टाळावे. त्याने कोळसा फुटतो आणि खडा-चुरा वेगळे होतात. शक्य तेथे आकारानुसार वेगळे साठे करावेत. जुना माल आधी वापरावा. जुन्या आणि ताज्या कोळशाचे ढीग एकमेकांवर रचू नयेत. गोफ वाळूने भरावी किंवा भिंती बांधून हवाबंद करावी.

धोक्याची चाहूलही वेळीच घेता येते. हिवाळ्याच्या पहाटे ढिगाच्या एखाद्या भागातून वाफ निघते, तेथील दव लवकर सुकते आणि रॉकेलासारखा उग्र दर्प येऊ लागतो. खाणीत हवेच्या नमुन्यात नाहीशा झालेल्या ऑक्सिजनच्या मानाने कार्बन मोनॉक्साइड शेकडा किती वाढला, हे पाहतात. ग्रॅहॅम यांच्या नावाने ओळखले जाणारे हे गुणोत्तर एकाच्या वर चढू लागले, की आत काहीतरी तापते आहे असे समजून पावले उचलावी लागतात. तापलेल्या जागी वरवर पाणी शिंपडणे हा मात्र फसवा उपाय आहे. पाणी चुरा धुऊन नेते आणि हवेसाठी नव्या वाटा करते. आणि निखाऱ्यांवर पडलेल्या थोड्या पाण्यापासून ज्वलनशील वायू तयार होऊ शकतो. तो भाग काळजीपूर्वक उपसून, पातळ पसरून थंड करणे आणि मग पुन्हा दाबून रचणे हाच खरा उपाय.

शाळेच्या प्रयोगशाळेत

हा विषय शाळेच्या व्याख्यानमालेत मांडण्याचे एक कारण असे, की त्याचे मर्म आठवीच्या वर्गातही दाखविता येते आणि त्यासाठी कोळसा पेटविण्याची गरज नाही. संगमरवराचे सारख्या वजनाचे तीन भाग घ्यावेत. पहिला एकच खडा असावा, उरलेले दोन कुटून भुकटी करावेत. एका पेल्यात खडा आणि दुसऱ्यात सुटी भुकटी ठेवून वर व्हिनेगर ओतावे. भुकटीवर फेस उसळतो. खड्यावर तुरळक बुडबुडे येतात. विद्यार्थी म्हणतील, बारीक कण अधिक चपळ. मग तिसरा भाग अरुंद नळीत घट्ट ठासून भरावा आणि वरून व्हिनेगर सोडावे. वरचा थर थोडा फसफसतो आणि खालची भुकटी बराच वेळ कोरडी राहते. द्रव्य तेच, कण तेच. केवळ रचना बदलली आणि उत्तर उलटले.

पहिला प्रयोग पुष्कळ पाठ्यपुस्तकांत असतो. दुसरा बहुधा नसतो. परंतु पाथाखेड्याच्या खाणीत, चंद्रपूरच्या साठ्यावर किंवा एखाद्या बॉयलरच्या चक्कीशी काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याला ज्याची गरज पडते, तो दुसराच. एका कणाविषयीचा नियम तंतोतंत खरा असूनही कणांच्या समूहाला तसाच लावला तर तो दिशाभूल करू शकतो, हे ज्याला एकदा हाताने करून कळले, तो ढिगाकडे पाहताना कोळसा किती बारीक आहे एवढेच विचारणार नाही. तो हवा कोठून येते आणि उष्णता कोठे जाते, हेही विचारील. हे तीन प्रश्न एकत्र विचारण्याची सवय लागावी, एवढ्यासाठीच हा विषय मी आपल्यापुढे ठेवला.